स्वगताला उत्तर

परळच्या हॉलमध्ये एकांकिका स्पर्धा चालू होती. सगळे दिवे विझले, एकच हितेंद्रच्या तोंडावर राहिला आणि त्याचं स्वगत सुरू झालं. "आई, तुला माझी भूक दिसली, पण मी कधी दिसलोच नाही! तू मला कधी समजूनच घेतलं नाहीस!"

हॉल चिडीचूप. तेवढ्यात लेकाचं नाटक बघायला काळाचौकीहून आलेली शेवंती तिसऱ्या रांगेतून ताडकन उठली.

"मेल्या, मगे सांगूक काय झाला होता? तोंडात काय बांगडो होतो?"

लोक हसून लोळले. बक्षीस गेलं. घरी येईस्तोवर हितेंद्र फुगलेलाच. जेवायला बसल्यावर मात्र त्याच्यानं राहवेना.

"अगं, ते स्वगत होतं! त्यात माणूस स्वतःशीच बोलतो. त्याला कोणी उत्तर द्यायचं नसतं!"

भात वाढता वाढता शेवंतीचा हात थांबला.

"माका काय म्हायत? घरात तुझ्या तोंडातसून 'हां' नि 'नको' सोडून काय भायर पडणा नाय. आज पयल्यांदाच इतक्या बोललंस, ता पण 'आई' म्हणान. मगे मी गप कशी रवतलंय?"