पेन्सिलीने लिहिलेली पट्टी

"आठ गाणी आणि आठही तऱ्हेची. एक गझलेसारखं, एक भारुडासारखं, एक चक्क रॉक. एकाच मुलीने लिहून गायलीत, हे कुणाला खरं वाटायचं नाही," रेकॉर्डिस्ट जनूकाका म्हणाले. शर्वाणी हसली, पण ओढणीचं टोक तिने बोटाला घट्ट गुंडाळलं होतं.

काकांची जुनी सवय होती. गाणं रेकॉर्ड झालं की त्याच्या कागदावर ते पेन्सिलीने तारीख आणि गाण्याची पट्टी लिहून ठेवत. अल्बमचा क्रम ठरवायला त्यांनी ते कागद तारखेप्रमाणे टेबलावर मांडले, तेव्हा ती पटकन पुढे आली.

"काका, क्रम मी लावलाय. तुम्ही कशाला त्रास घेता?"

काकांचं बोट कागदांवरून सरकत राहिलं. जानेवारीत पेटीची काळी पाच. मार्चमध्ये काळी चार. मेमध्ये काळी तीन. दर गाण्याला तिचा आवाज थोडा खाली उतरला होता. शेवटचं गाणं तर तिने नुसतं बोलून म्हटलं होतं, आणि सगळ्यांना तो नवा प्रयोग वाटला होता.

बोट तिथे थांबलं.

"डॉक्टर काय म्हणाले?"

"दाखवलंच नाही."

तुझ्या मनाचे खेळ आहेत, असं काका म्हणतील या आशेने ती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. काकांनी खोडरबर घेतलं आणि दुसऱ्या कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून ते एकेक पट्टी खोडायला लागले.