एकटीनं कसं प्यायचं

सीटी स्कॅनआधी औषध कालवलेलं लिटरभर पाणी तासाभरात संपवायचं होतं. नाहीतर आजचा नंबर गेला, आणि त्याबरोबर सोमवारचं ऑपरेशनही. मंद्रूपच्या रंभाबाईंनी पहिला ग्लास भरला आणि सवयीनं बाकावर शेजारी बसलेल्या इमामसाबांपुढे धरला. "घ्या की ओ."

लेकीनं, रेश्मानं, तो वरच्यावर हिसकावला. "आई, औषध आहे ते! पेशंटशिवाय कुणी प्यायचं नाही."

"मग चार मान्सांम्होरं एकटीनंच ढोसायचं व्हय? घशाखाली उतरंल का?"

खरंच उतरेना. अर्धा तास गेला, बाटली तशीच. रेश्माचे डोळे भरून आले. त्या दोघींना एकमेकींशिवाय कुणी नव्हतं.

बायकोला आत पाठवून बसलेले इमामसाब उठले आणि कूलरवरून आपली बाटली भरून आले. "आक्का, हे आपलं साधं पानी. तुमचा एक, आमचा एक. बगू कोन हरतंय!"

समोरच्या सासू-सुनेनं बाटल्या काढल्या. दुधनीचे एक मास्तरही सरसावले.

"मास्तर, तळाशी ठिवू नका, दिसतंय मला!" रंभाबाई ओरडल्या. साध्या पाण्याचीच सगळ्यांना चढली. नर्स दोनदा दटावून गेली. रंभाबाईंनी शेवटचा ग्लास पालथा करून दाखवला, तेव्हा दहा मिनिटं शिल्लक होती.

दार उघडलं. "रंभाबाईंसोबत कोण आहे?"

रेश्मानं हात वर केला. तिच्यामागे, बाथरूमच्या रांगेतून, आणखी चार हात वर झाले.