मिनोटॉरची कॉफी

"जरा वाक की गं! मिनोटॉर असा ताठ बसतो होय?" सिफिस कोळ्याने आर्गिरोच्या डोक्यावर कागदाच्या लगद्याचं बैलाचं डोकं चढवलं आणि खांद्यांवर घोंगडी टाकली.

"आणि स्त्रातिसने ओळखलं तर?"

"त्याला स्वतःचं नाकही धड दिसत नाही. तू फक्त तोंड उघडू नकोस."

चित्रकार स्त्रातिस कायम मिनोटॉरच रंगवायचा. बैलाच्या डोक्याचा, भुलभुलैयात एकटाच बसलेला राक्षस. त्यासाठी समोर बसायचा त्याचा जिवलग मिहालिस. गेल्या हिवाळ्यात स्त्रातिस इस्पितळात असताना मिहालिस वारला. म्हातारा हाय खाईल म्हणून कोणी त्याला सांगितलंच नाही. गावकरी आळीपाळीने मुखवटा घालून बसू लागले. राक्षस बोलत नसतो, हा स्त्रातिसचा जुना नियम त्यांच्या पथ्यावर पडला.

हा मिनोटॉर म्हणजे आजचा माणूस, कोणाचाच नसलेला, असं अथेन्सच्या एका समीक्षकाने लिहिलं. आर्गिरोच्या कॉफीच्या दुकानात ते वाचलं गेलं तेव्हा पाद्रीबुवांना हसून ठसका लागला.

"कोणाचाच नाही? अख्ख्या गावाला कामाला लावलंय मेल्याने!"

आर्गिरोला खरी धास्ती होती ती, रंगवून झालं की स्त्रातिस मिनोटॉरला स्वतः करून द्यायचा त्या कॉफीची. उकळतानाच साखर पडते, मागून काही करता येत नाही. मिहालिसला पाकासारखी गोड लागायची. आर्गिरो मात्र नवरा गेल्यापासून बिनसाखरेची प्यायची. स्त्रातिस तेव्हा रोज दुकानात बसून तिला चिडवायचा, "कडू बाई, कडू कॉफी!"

"गोडच देतो ना रे?" तिने कालच विचारून ठेवलं होतं.

"गोडमिट्ट! अगदी मला आवडते तशी," सिफिस म्हणाला.

"छे, बेताची. मला लागते तेवढीच साखर," पाद्रीबुवा म्हणाले.

म्हाताऱ्याचा हात आता एकसारखा राहिला नाही, यावर दोघांचं एकमत झालं.

स्त्रातिस ऊन कलेपर्यंत गुणगुणत रंगवत राहिला. मुखवट्यात घामाच्या धारा लागल्या होत्या, तरी आर्गिरोला बरं वाटत होतं.

"छान बसलास रे मिहालिस," तो म्हणाला. "मला कधी एकटं पडू दिलं नाहीस बघ."



त्याने कॉफी करून तिच्यापुढे ठेवली आणि ब्रश धुवायला अंगणात गेला. इस्पितळातून आल्यापासूनची त्याची ही सवय. त्यामुळे मुखवटा काढून प्यायला उसंत मिळायची.

आर्गिरोने बैलाचं डोकं उतरवलं. गोड घोट गिळायचा म्हणून डोळे घट्ट मिटले आणि कप तोंडाला लावला.

कॉफीत साखरेचा कणही नव्हता.