नैसर्गिक चक्र

माझा गोळीचा गजर वाजला, तेव्हा दवाखान्याच्या बाकावर शेजारी हेमांगी निवांत शेंगदाण्याचा लाडू खात होती. आम्हा दोघींचे गर्भ याच दवाखान्यात गोठवून ठेवलेले. पण डॉक्टरीणबाई तिला म्हणाल्या, "तुमची पाळी नियमित आहे. गोळ्या नकोत, नैसर्गिक चक्रातच गर्भ आत सोडू." माझी मेली मनाला येईल तेव्हा येते, म्हणून मला गोळ्या अन् इंजेक्शनं.

तिला बघून पोटात दुखलंच माझ्या.

"मजा आहे बाई तुझी," मी म्हणाले. "पाळीसुद्धा कशी शहाण्यासारखी, कधी चुकत नाही."

लाडू तिच्या हातातच राहिला.

"तुझी चुकते तरी," ती म्हणाली. "चार दिवस का होईना, आशा लागते. माझी लग्नापासून एकदाही चुकली नाही."