टर्कीचा भाग

आर्लीनने दोन्ही कानांत ऐकू येण्याची नवी यंत्रं बसवून घेतली आणि घरात पाऊल ठेवताच पहिली तक्रार फ्रिजची केली. एवढा घुरघुरतो आणि लोर्नाने कधी एका शब्दाने सांगितलं नाही, म्हणाली. लोर्ना हसली खरी, पण तिचं लक्ष घड्याळाकडे होतं. आज दुपारी चारला टीव्हीवर मालिकेतला टर्कीचा भाग लागणार होता.

व्हॅन नाइज उपनगरातल्या या घरात दोघी एकत्र राहायला लागल्या, त्या आर्लीनचा नवरा वारल्यावर. लोर्नाचा घटस्फोट तर केव्हाच झाला होता. टीव्हीवरच्या त्या तिघी राहतात तसं आपण राहू या, असं आर्लीननेच सुचवलं. तिसरी काही मिळाली नाही, दोघींवरच भागवलं.

त्या तिघी म्हणजे क्लीव्हलंडमध्ये एका बेकरीच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या तीन मैत्रिणी. मालिका जुनीपुराणी, पण अजून रोज दाखवतात. कुणाचा नवरा पळतो, कुणाची नोकरी जाते, तिघी एकमेकींना वाट्टेल ते बोलतात आणि शेवटी स्वयंपाकघरात बसून केक खातात. कुणी कुणाचं कितीही वाकडं केलं तरी अर्ध्या तासात सगळं मिटतं. म्हणून तर बायका अजून बघतात. लोर्नाही म्हणूनच बघायची, टर्कीचा भाग सोडून.

त्या भागात ताटातली भाजलेली टर्की घसरून थेट आंघोळीच्या टबात पडते. चित्रीकरण समोर प्रेक्षक बसवून व्हायचं, तेव्हा सगळा स्टुडिओ हसतो, हसून थांबतो, आणि मग मागून एकटाच एक पुरुष हसतो. गवत कापायचं यंत्र दोरी ओढूनही सुरू होत नाही ना, तसं तीनदा अडकत अडकत. सगळ्यांचं झाल्यावर तेवढं एकच हसू स्वच्छ ऐकू येतं.

ते क्लाइडचं होतं. आर्लीनच्या नवऱ्याचं. त्याला विनोद नेहमी उशिरा कळायचा. शेजारच्या खुर्चीवर लोर्ना होती.

त्या चित्रीकरणाचे पास मिळावेत म्हणून आर्लीन किती वर्षं पत्रं पाठवत होती. लोर्नाला ते ती काम करायची त्या बँकेतल्या एका खातेदाराने सहज दिले. दोन. तिने आर्लीनला सांगितलं की डोकं दुखतंय. क्लाइडने सांगितलं की कामासाठी फ्रेस्नोला जातोय. ते प्रकरण वर्षभर चाललं आणि आपोआप विझलं. हसू मात्र टेपवर राहिलं आणि वर्षातून दोन-चारदा बैठकीच्या खोलीत येऊ लागलं.

आजवर लोर्नाने निभावून नेलं होतं. आर्लीनचे कान गेल्यापासून ती पडद्याखालची अक्षरं वाचून मालिका बघायची. टर्कीच्या वेळी तेवढी उठून टीव्हीला कान लावून बसायची. त्या विनोदावर तिचा भारी जीव. मग लोर्नाला नेमका तेव्हाच ठसका लागायचा, नाहीतर हातातला चमचा पडायचा. दर वेळी तिला स्वतःची किळस यायची, आणि तरी पुढच्या वेळी चमचा पडायचाच.

पण यंत्रापुढे चमचा काय करणार? आर्लीनची मुलगी सात-आठ वर्षं मागे लागली तरी ही हट्टी बाई ऐकत नव्हती, आणि या महिन्यात स्वतःच फोन करून वेळ घेऊन मोकळी झाली. तशी आर्लीन कशाने हलणारी नव्हे. गॅरेजमधली गरम पाण्याची टाकी फुटून घरच्या जुन्या व्हिडिओ टेपांचं खोकं भिजलं, तेव्हा मात्र ती आठवडाभर कुणाशी बोलली नव्हती.

ती घरी आल्यापासून लोर्नाने तिला बाहेर काढायला सगळं करून पाहिलं. केस कापायला जाऊ म्हणाली, बाजारात पीचेस आलेत म्हणाली. आर्लीन म्हणाली, आज कुठेही जायचं नाही.

चार वाजता शीर्षकगीत लागलं. आर्लीनने पडद्याखालची अक्षरं बंद केली. म्हातारपणी हाताशी उरलेलं हे एकच माणूस, तेही आज जाणार. त्यापेक्षा आपणच आधी सांगावं, असं लोर्नाला पहिल्यांदाच मनापासून वाटलं.

"आर्लीन, मला तुला एक सांगायचंय."

"मालिका संपल्यावर सांग."

"नाही गं, संपायच्या आत सांगायला हवं."

"इतकी वर्षं थांबलीस ना, अजून अर्धा तास थांब." आर्लीनची नजर पडद्यावरच होती.

लोर्नाचा धीर तिथेच सुटला. ती स्वयंपाकघरात गेली, पॉपकॉर्नची पिशवी मायक्रोवेव्हमध्ये ठेवली आणि बटणावर बोट धरून उभी राहिली. बाहेर टीव्हीवर टर्की ओव्हनमधून निघाली. जिना चढली. दाणे आत्ता फुटायला लागले की बरोबर वेळ साधणार होती. एवढ्यात आर्लीन मागे येऊन उभी राहिली आणि तिने लोर्नाचा हात धरून बटणावरून बाजूला केला.

"आज नको. खोकू नकोस, काही पाडूही नकोस," ती हळूच म्हणाली. "त्या टेपा भिजल्यापासून क्लाइड मला एवढ्या एकाच ठिकाणी ऐकू येतो, आणि तू दर वेळी नेमका तेव्हाच आवाज करतेस."