बरे झालेले बाबा

मोठमोठ्या विद्यापीठांत कुणाचा नंबर लागेल आणि कुणाचा नाही, याचा अंदाज सांगण्यात मिसेस हॅलोरन यांचा हात अमेरिकेतल्या सगळ्या कनेक्टिकट राज्यात कुणी धरू शकत नसे. वडिलांच्या कॅन्सरवर टेसाने प्रवेशअर्जासाठी लिहिलेला निबंध त्यांनी पुन्हा वाचला आणि समोर बसलेल्या तिच्या आईबाबांकडे पाहिलं.

"खरं सांगू? एप्रिलमध्ये, हे आजारी असताना, हिचा नंबर मी नक्की धरला होता. पण आता हे बरे झाले. बरे झालेल्या बापांवरचे निबंध तिथे ढिगाने येतात."

"माफ करा," बाबा ओशाळून म्हणाले. खरंच म्हणाले.

टेसा उठून उभी राहिली. "आई, चल ना इथून."

पण आई खुर्ची पुढे ओढून विचारत होती, "बरे झाले हे लिहायलाच हवं का?"

"नका लिहू. फक्त विद्यापीठातर्फे मुलाखत घेणाऱ्याला कळायला नको."

परतताना गाडीत टेसा म्हणाली, "तो निबंध मी पाठवणार नाही. तुम्ही जगलात त्याची माफी मागायला लावली त्या बाईनं. किळस येते मला."

"बरं बाळा, तू म्हणशील तसं," बाबा म्हणाले, आणि तिला हायसं वाटलं.

शनिवारी मुलाखत होती, विद्यापीठाच्या एका माजी विद्यार्थ्याबरोबर, कॉफी शॉपमध्ये. तिथपर्यंत बाबाच तिला सोडणार होते.

ती तयार होऊन खाली आली, तर ते गाडीची किल्ली घेऊन दारात उभे होते. केमोनंतर नुकते कुठे उगवलेले केस त्यांनी सकाळीच वस्तऱ्याने उतरवले होते, भुवयांसकट.