पोलीसप्रमुखांचं फावडं

"तुझ्या गाडीची पावती फाडायची हिंमत तुझ्या एकाही पोलिसात नाही," ऑरेस्ट म्हणाला. "लाव पैज!"

"लावली!" गॉर्डन तापला. "कायदा सगळ्यांना सारखा. हरलो तर तुझ्या दारातला बर्फ मी उपसतो, तोही वर्दीत. तू हरलास तर माझ्या दारातला तू. हिवाळाभर!"

गॉर्डन शहराचा पोलीसप्रमुख. ऑरेस्ट त्याचा शेजारी, कंबरेनं अधू, जिभेनं धडधाकट. हिवाळाभर म्हटल्यावर त्याच्या कंबरेत तिथल्या तिथे कळ यायला लागली. पण शब्द गेला होता.

रस्त्यावरचा बर्फ बाजूला लोटणारी बर्फगाडी यायच्या दिवशी रस्त्यावर गाडी लावायला बंदी. गॉर्डननं मुद्दाम लावली. गस्तीवरचा एक कॉन्स्टेबल आला, गाडी ओळखली, रिकाम्या गाडीला सलाम ठोकून गेला. मग सार्जंट आला. त्यानं तर काचेवरचा बर्फही झाडून दिला. खिडकीत ऑरेस्ट मांडीवर थापा मारत होता.

मग एक बाई आल्या. कुणाची गाडी, काय गाडी, काही बघितलं नाही. पावती फाडली, काचेवर खोचली.

गॉर्डन चपलांतच धावत आला. "बघ रे ऑरेस्ट! बघ!"

"बाई, तुम्ही पोलीस का हो?" ऑरेस्टनं गोड आवाजात विचारलं.

"छे! मी महापालिकेची. आमचं खातंच वेगळं."

गॉर्डनचं तोंड पडलं.

शनिवारी साहेब वर्दीत हजर, हातात फावडं. समोर बर्फगाडीनं ऑरेस्टच्या दाराशी लोटलेला ढीग, दगडासारखा टणक. अख्खी गल्ली कॉफी घेऊन बाहेर. ऑरेस्ट खुर्ची टाकून बसलेला.

तेवढ्यात उपप्रमुख तिथून चालले होते. "सर, तुम्ही कशाला? द्या इकडे." त्यांनी दोन फावडी मारली आणि इन्स्पेक्टरला फोन लावला. इन्स्पेक्टरनं दोन मारली, सार्जंटला बोलावलं. सार्जंटनं कॉन्स्टेबलला.

"अरे, ही लबाडी आहे!" ऑरेस्ट ओरडला.

"लबाडी कसली? यालाच खातं म्हणतात," गॉर्डन म्हणाला आणि त्याच्याच शेजारी खुर्ची ओढून बसला.

कॉन्स्टेबल पोरगी नवीकोरी, गेल्याच आठवड्यात भरती झालेली. पदर खोचावा तशा तिनं बाह्या सरसावल्या. पहिला घाव घालते तोच रेडिओ खरखरला. तातडीचं बोलावणं.

तिनं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. तिच्या हाताखाली खात्यात कुणीच नव्हतं.

मग ती सरळ खुर्च्यांपाशी आली आणि ऑरेस्टच्या हातात फावडं देत म्हणाली, "काका, आता तुमचा नंबर."